गाजरांची मच्छरदाणी

२ मे

एक मारली!

पानावर बसली होती. काळी, चकचकीत, तांबूस डोकं, पिवळे पाय. घरातल्या माशीपेक्षा लहान. बियाणांच्या दुकानातल्या आजोबांनी सांगितली होती, अगदी तशीच. गाजरमाशी. दोन नखांत धरून चिरडली. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ती स्वतः गाजर खात नाही म्हणे. बुडाशी मातीत अंडी घालते आणि चालती होते. खातात तिची पोरं. आतून! वरून बघाल तर पानं हिरवीगार.

४ मे

दादाने आज जेवताना पुन्हा ऐकवलं. "जुलैचा पहिला रविवार. तोपर्यंत काय उगवायचं ते उगव. नाहीतर वहिनीबरोबर बिस्किटांच्या कारखान्यात. शाळा सोडून दीड वर्ष झालं, अजून किती बसणार?"

खानावळवाल्या मावशी गाजरं घ्यायला तयार आहेत. पण त्यांनी साफ सांगितलंय, किडकं एक जरी निघालं तरी टोपली परत.

कारखान्यात एका टेबलाला चाळीस बायका. दिवसभर पुडे भरतात आणि बोलतात. वहिनी घरी आली की कोण कुणाला काय म्हणाली ते सगळं साभिनय. मला तर ऐकूनच घाम फुटतो.

मागच्या अंगणातला वाफा दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. तिथे मला कुणी काही विचारत नाही.

५ मे

खुंटी. हे कधी लिहिलं नव्हतं. आज लिहून टाकते.

आठवीत गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी बोलावलं. उत्तर येत होतं मला. खरंच येत होतं! पण सगळा वर्ग बघत होता आणि घसा बंद. बाई थांबल्या, थांबल्या, मग म्हणाल्या, "खुंटी आहेस का गं? नुसती भिंतीला चिकटून उभी!" वर्ग हसला. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकीने माझ्या खांद्याला दप्तर अडकवलं. मग दुसरीने. मग रोज. मी रोज उभी राहायचे. एक दिवस गेलेच नाही. मग कधीच नाही.

त्याच बाई आमच्या भिंतीपलीकडे राहतात. त्यांनीसुद्धा गाजरं लावलीत.

९ मे

आज सहा मारल्या. सगळ्या भिंतीच्या बाजूला! वारा पण तिकडूनच येतो. म्हणजे येतात कुठून ते सांगायला नको. बाईंकडून. अजून काय काय पाठवणार आहात, बाई?

११ मे

दादाची जुनी मच्छरदाणी लावली. ही माशी फार उंच उडत नाही, पण मी वरूनसुद्धा झाकलं. चार कोपऱ्यांना काठ्या, कडा मातीत वीतभर पुरल्या. मुंगीला पण वाट नाही.

वहिनी दारातून बघत होती. "अगं बाई! नवरा माझा डासांनी फोडला जातोय, आणि गाजरं मच्छरदाणीत झोपलीत! सकाळी चहा पण नेऊन देतेस का त्यांना?"

आई हसली. मला पण हसू आलं. तोंड फिरवून हसले.

१२ मे

बसा आता भिंतीवर. बसा आणि बघा नुसतं.

४ जून

तीन रोपांची पानं तांबूस झालीत. पाणी कमी पडलं असेल.

५ जून

पाणी कमी पडलं नव्हतं.

एक उपटलं. बोटाएवढंच आहे अजून, आणि खाली गंजल्यासारख्या रेघा. मोडलं तर आत पांढरी अळी. वळवळत होती! दुसरं उपटलं. तेही. सात उपटली, पाच किडकी.

झाकून ठेवली होती ना मी! कशी आली? बाईंकडच्याच माश्या. जाळी लावायच्या आधी घालून गेल्या असणार अंडी. दुसरं काय?

रडले नाही. इतका राग आला की रडायला सुचलंच नाही.

६ जून

केलं.

सुट्टी असली तरी बाई प्रवेशांच्या कामाला साडेआठला शाळेत जातात. त्यांची रिक्षा वळेपर्यंत थांबले. किडकी गाजरं डब्यात घेतली, अळ्यांसकट, आणि भिंतीवरून पलीकडे उतरले. बाईंचा वाफा माझ्यापेक्षा नीट आहे. ओळी पट्टीने आखल्यासारख्या. एक पान लाल नाही! चमच्याने प्रत्येक ओळीत खड्डा केला, मुळांना लागून गाजराचा तुकडा ठेवला, वर माती दाबली. अकरा ठिकाणी. घाई केली नाही.

घ्या. तुमचंच तुम्हाला परत.

८ जून

रोज थोडी थोडी किडकी निघतायत. आजची पण भिंतीपलीकडे.

९ जून

संध्याकाळी बाई भिंतीशी आल्या. चष्मा कपाळावर. "काय गं, तुझी काही पानं लाल दिसतात. कीड आहे का?"

मी मान खाली घातली.

"बोल की! मी काय खाणार आहे का तुला?"

मी जाळीच्या कडेला माती दाबत राहिले. बाई गेल्या. मी आत येऊन दोन पेले पाणी प्यायले. उद्या आणखी पुरणार आहे.

१३ जून

हे कसं लिहू.

गवत काढायला जाळीची कड उचलली, तर वरच्या कोपऱ्यात माश्या. आतल्या बाजूला! दहा-बारा. जाळीला धडका देत होत्या. त्यांना बाहेर जायचं होतं. त्या बाहेरून आल्याच नव्हत्या.

१४ जून

दुकानातल्या आजोबांकडे गेले. वहीत लिहून दाखवलं, नेहमीसारखं. वाचलं त्यांनी आणि विचारलं, "गेल्या वर्षी त्या जागी काय होतं?"

लिहिलं: गाजरंच. आईने गंमत म्हणून लावली होती. बरीचशी काढलीच नाहीत, जमिनीतच राहिली.

आजोबांनी कपाळाला हात लावला. "पोरी! किडकं गाजर जमिनीत राहिलं की अळी मातीतच कोश करून बसते. उन्हाळ्यात माशी होऊन वर येते. तू वरून जाळी लावलीस म्हणजे काय केलंस? लग्नाला मांडव घालून दिलास! नवरदेव आत, नवरी आत, जेवण पण आत. पाहुण्यांना बाहेर पडायची गरजच नाही!"

दुकानातला नोकरसुद्धा हसला.

मग माझी वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जागा बदलायची असते गं. एवढंच असतं."

१५ जून

बाईंनी काहीच केलं नव्हतं. गाजरांचं म्हणतेय.

खुंटीचं केलं होतं. ते केलंच होतं ना!

१६ जून

बाई शाळेत गेल्यावर पलीकडे उतरले. पुरलेलं परत काढायला. तुकडे सापडले, काही काळे पडलेले. अळ्या नव्हत्या त्यांत. एकही नाही.

२९ जून

बाईंची मधली ओळ लाल झाली. बाई नोकरीवर गेल्याच नाहीत आज. वाफ्यात उकिडव्या बसून एकेक उपटून बघत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. तीही ओळीत. मी खिडकीतून बघितलं. याच क्षणाची वाट बघत होते ना मी? मनात किती वेळा बघितलं होतं हे.

पडदा ओढला. मग परत उघडला. बघितलं शेवटपर्यंत.

५ जुलै, रविवार

काढली सगळी. चांगली निघाली अर्धी टोपली. मावशींनी वरचं एक मोडलं, दुसरं मोडलं, तिसऱ्यात रेघ निघाली. "नाही गं बाळा, खानावळीत अळी निघाली तर लोक माझी भाजी करतील."

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "उद्या सातला तयार राहा," एवढंच. वहिनीने तिचा जुना डबा घासून माझ्यासाठी काढून ठेवला. म्हणाली, "माझ्या शेजारी बस. कुणी काही बोललं तर मी आहे." किती चांगली आहे ती. तरी उद्याचं नको नको वाटतंय.

६ जुलै

साडेसहाला दार वाजलं. बाई! दादा बनियनवरच उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "पोरगी आज कारखान्यात चालली असं मावशींकडून कळलं, म्हणून आले. तुमच्या धाकटीची काही चूक नाही हो. मी रोपं विरळ केली आणि उपटलेली तिथेच टाकून दिली. त्या वासाने माशी आली माझ्याकडे, आणि माझ्याकडून तुमच्याकडे. पोरीने तर जाळीसुद्धा लावली होती. मला आधी कळायला हवं होतं. तिला अजून एक हंगाम द्या. मी हात जोडते."

दादा गडबडला. "अहो बाई, हात काय जोडता!" त्याने माझ्या हातातला डबा काढून घेतला. "राहू दे गं. जाऊ नकोस."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, दादा, वहिनी, बाई.

मी तोंड उघडलं नाही. या वेळी लाजून नाही.