डाव्या गालाची तीट

चैत्र शु. ५, शुक्र.
पहिली आली नरसम्मा. बोलावणं चारचं, बाई तीनला दारात. पलीकडच्या हातमागवाल्याची ही बायको, गौरीपुढचं कलिंगड कापायच्या आत येऊन बसायची दरवर्षीची रीत तिची. सूनबाई पुढच्या खोलीत हळदीकुंकवाची तयारी करत होती. मला विधवेला त्यात काय काम, मी आत पन्हं ढवळत होते. तर ही सरळ चुलीपाशी आली.
"आवो आजी, तुमचा वसंता विलायतेला चाललाय म्हनं की! मिलमदी समद्यांला ठावं हाय."
म्हटलं, "हो तर. कधीचं ठरलंय."
मला कुठलं माहीत! पोटचा पोरगा, रोज माझ्या हातची भाकरी खातो, आणि बातमी नरसम्माकडून. पन्ह्यात वेलदोडा दोनदा पडला. बायकांनी नावाजलं वर.
चिमीने आंब्याच्या डाळीची वाटी डोक्यावर उपडी केली आणि तशीच सगळ्यांच्या पाया पडत गेली. प्रत्येकीच्या पावलावर डाळ. अडीच वर्षांची नाही अजून, पण रीतभात बघा! नात कुणाची.

शु. ७, रवि.
विचारलं शेवटी. जेवायला बसला होता. म्हणाला, रंगखात्याचं काम शिकायला मिल दोन वर्षं पाठवतेय, मँचेस्टर म्हणून गाव आहे, सुशीलाही येईल स्वयंपाकपाण्याला. "तुला सांगणारच होतो आई." कधी सांगणार होता, बोटीतून?
"आणि चिमी?"
ताकाचा भुरका मारला त्याने. "चिमी राहील की तुझ्यापाशी."
सूनबाई तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही. आईचा जीव आहे, होईल सवय. मी काय मारणार आहे का पोरीला?
दोन वर्षं चिमी माझी! जा म्हणावं खुशाल, विलायतेचे सगळे रंग शिकून या.

शु. ९, मंगळ.
राम जन्माला आला, सुंठवडा वाटला, वाटता वाटता अख्ख्या भवानी पेठेत सांगून आले की चिमी राहणार. नरसम्मा म्हणाली, "आजी, तुमी दोन दिसांत धा वर्सांनी ल्हान झालाव."
चिमीचा पलंग माझ्या खोलीत कुठे लावायचा ते ठरवलं. खिडकीशी नको, उन्हाची झळ लागते. आज ती जात्यावर बसली आणि म्हणते दळा. तिला धरून रिकामं जातं फिरवलं चार वेळा. मग पाचव्यांदा. कंबर धरली आहे. वसंताच्या जुन्या शाळेच्या वहीत हे लिहितेय, मागची पानं कोरी होती. तोच मला अक्षरं गिरवायला शिकवायचा, दुसरीत असताना. तेव्हा आईशी बोलायचा.

शु. १३, शनि.
फोटोवाल्याकडे गेलो. आठवणीसाठी, असं सांगितलं मला. सूनबाईच्या मांडीवर चिमी. फोटोने दृष्ट लागते, म्हणून डाव्या गालावर चांगली हरभऱ्याएवढी तीट लावून दिली. सूनबाईने पदराने पुसली. मी पुन्हा लावली. तिने पुन्हा पदर काढला. म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला अशीच लावत होते, म्हणून आज धडधाकट बघतेस."
वसंता म्हणाला, "आई, तू नंतर बस." नंतर फोटो उतरवायची काच संपली म्हणे फोटोवाल्याची. एवढं मोठं दुकान, आणि म्हातारीपुरती काच नाही.

चैत्र व. २, बुध.
दुपारी कचेरीतला कारकून आला. घरात मी एकटीच. वसंता मिलमध्ये, सूनबाई चिमीला घेऊन देवी टोचायला दवाखान्यात. मला सांगून गेली, की दोन महिन्यांनी साथ आली तर आधीच टोचलेलं बरं असतं. बरोबर वाटलं मला.
कारकून म्हणाला पासपोर्टाची चौकशी आहे. चहा दिला. वसंताचं नाव विचारलं, सूनबाईचं विचारलं, मग म्हणतो, "आणि सोबत जाणारी मुलगी, वय वर्षं अडीच?"
म्हटलं, "कुठली मुलगी?"
त्याने फोटो काढला. तोच. सूनबाई आणि मांडीवर चिमी. आठवणीसाठी!
तो बघत होता चष्मा वर करून. "ओळखीची खूण, डाव्या गालावर काळा तीळ. बरोबर ना आजी?"
मला बोलता आलं असतं. तीट आहे बाबा, पुसली की जाते. एवढंच. पण मनात आलं, कागद चुकला तर अडवतील. पोरीला परत पाठवतील.
म्हटलं, "बरोबर."
त्याने लिहिलं, चहा प्यायला, चांगला झालाय म्हणाला आणि गेला.

व. ३, गुरु.
सूनबाईला गाठलं विहिरीवर. म्हटलं, फसवायचं होतं तर निदान गोड बोलून फसवायचं नाही. मला वाटलं रडेल. घागर खाली ठेवली तिने.
"आई, मी ठेवायला तयार होते. यांनीच नको म्हटलं."
"वसंताने?"
"प्लेगच्या साली तुम्ही यांना बार्शीला मामांकडे ठेवलं होतं ना. वर्षाने तुम्ही न्यायला गेलात तेव्हा यांनी ओळखलं नाही तुम्हाला. हे म्हणतात, तेव्हा आईचं जे तोंड झालं होतं ते मला अजून दिसतं. माझ्या पोरीने माझ्याकडे तसं परक्यासारखं बघायला नको."
आत येऊन बसले. जगावा म्हणूनच ठेवला होता ना त्याला? घरात दोन माणसं गेली होती. चार वर्षांचं पोर मामीच्या लुगड्यामागे लपलं, म्हणे ही बाई कोण. मी हसून घेतलं होतं तेव्हा. मला वाटायचं तो विसरला.
पण मग ताकाचा भुरका मारत "राहील की" म्हणायचं काय कारण? तोंडावर नाही म्हणायला जीभ नाही, भित्रा मेला.

व. १०, गुरु.
लोकरीचा कोट आला चिमीचा. सोलापूरचा चैत्र, वारा म्हणजे भट्टी, आणि ती तो कोट अंगातून काढेना. घामाने भिजली तरी "मी विलायत, मी विलायत" करत अंगणभर. नरसम्मा हसून खाली बसली. मीही हसले, खोटं कशाला लिहू. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.
पासपोर्ट आले. वसंताने वाचला आणि आधी हसला. "तीळ? चिमीला कुठे तीळ आहे?" फोटो बघितला आणि चिडला. "आई, ही तुझी तीट! त्या गाढवाने कुणाला विचारलं नाही?"
मी डाळीतले खडे काढत होते. खडे पुष्कळ होते.
बदलून घ्यायला अर्ज मुंबईला जाणार, तोवर बोट निघून जाईल. पुढची महिन्याने, तिकडे कामावर वेळेत हजर व्हायचंय. दोघांचं बोलणं झालं. शेवटी सूनबाई म्हणाली, "रोज लावू. बोटीवर चढताना आणि उतरताना. कोण पुसून बघतंय!"
पदराने पुसणारी सून. आता सरकारनेच हुकूम काढलाय.

वैशाख शु. १, मंगळ.
एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ पाडलं, डबीत भरून दिलं. सूनबाईला दाखवलं, करंगळीने टेकवायची, फिरवायची नाही, फिरवली की पसरते. डावा गाल, फोटोतला. तिने तीनदा करून दाखवलं. हात मऊ आहे तिचा. मी आजवर कधी बघितला नव्हता.
तेव्हा सांगायचं होतं, की त्या कारकुनाला मीच हो म्हटलं. तोंड उघडलंही. ती म्हणाली, "आई, तुमची तीट पुसायला नको होती मी, दृष्टच लागली." मग कसं सांगणार?

शु. ४, शुक्र.
काल गेले. अक्षय्य तृतीयेला निघावं, चांगला दिवस, असं मीच म्हटलं होतं.
ठेसनावर चिमी कोट घालूनच. गाडी आली तशी मात्र कळलं तिला. माझ्या मानेला जी मिठी मारली, वसंताला दोन्ही हातांनी सोडवावी लागली. डावा गाल माझ्या खांद्यावर घासला. काळं सगळं माझ्या लुगड्याला, तिचा गाल कोरा.
वसंता पाया पडला. म्हणाला, "आई, बार्शीचं सुशीलाने तुला सांगायला नको होतं." म्हटलं, "तू सांगायचं होतंस." आणखी बोललो असतो, शिट्टी झाली.
सूनबाईने डब्यातूनच डबी उघडली. पोरगी रडतेय, डबा हलतोय, तिने करंगळी टेकवली, टेकवली मात्र, फिरवली नाही, अगदी मी शिकवली तशी. उजव्या गालावर.
मी ओरडले, "डावा! डावा गाल!" गाडीबरोबर चालले चार पावलं, माझ्या गालावर बोट ठेवून दाखवलं. तिला वाटलं मी डोळे पुसतेय. तिनेही पुसले. चिमीचा हात धरून हलवला.
मुंबईला बोट परवा. नरसम्मा म्हणते तार करा की. तारेत काय लिहू? डावा गाल लिहिलं, तर अडवणार नाहीत. नाही लिहिलं, तर कदाचित चार दिवसांत चिमी परत माझ्या दारात. आणि दोन वर्षांनी वसंताचं तोंड, बार्शीला माझं झालं होतं तसं. तारेचा कागद नरसम्माच्या थोरल्याने आणून ठेवलाय. समोर आहे.
येतो म्हणाले, दोन वर्षांनी, वैशाख शु. ३, अक्षय्य तृतीया.