डावा गाल, उजवा गाल

सोमवार, ४ नोव्हेंबर

डाव्या गालाला क्रीम, उजव्याला मक्याच्या पिठाची खळ. निकाल — डावा गाल मऊ. माझा नवरा एर्मेते जिंकला. मिटलं प्रकरण!

नाही मिटलं. लेक तिल्दे म्हणते, एका दाढीवरून काय ठरतं? आता काय बोलणार. हेच वाक्य मी पिस्तोयाच्या शाळेत रसायनाच्या तासाला पोरांना जन्मभर ऐकवलं. तेव्हा पुन्हा करायचं. दर सोमवारी, आमचं न्हाव्याचं दुकान बंद असतं तेव्हा.

भांडण इतकं क्षुल्लक की लिहायची लाज वाटते. फेस लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या गालाला निलगिरीचं क्रीम चोळायचं की नाही! एर्मेतेने आयुष्यभर चोळलं. त्याच्या वडिलांनीही चोळलं. दुकान मुलीच्या हाती दिलं, आणि ऑगस्टच्या सुटीनंतर तिने क्रीमची बरणी फळीवरून खाली काढली. "आई, गरम टॉवेल आणि चांगला साबण, बास. क्रीमने उलट फेस विरतो. देखावा आहे नुसता." एर्मेतेने आपला ब्रश उचलला, कोट चढवला आणि घरी आला. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या मुलीला सांग." "तुझ्या नवऱ्याला सांग." मी काय टपालपेटी आहे?

नाताळच्या जेवणाला एक तर तो बसेल नाही तर ती, असं दोघांनी मला वेगवेगळं येऊन ऐकवलं. मी म्हटलं, हे माझ्या घरात चालायचं नाही. गाल एर्मेतेचा, वस्तरा तिल्देचा, निकाल माझा. जो हरेल त्याने मुकाट्याने दुसऱ्याचं ऐकायचं आणि टेबलाशी येऊन बसायचं. दोघांनी लगेच कबूल केलं. आपणच जिंकणार याची दोघांनाही खात्री!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

खळ पुन्हा करून पाहिली. आता क्रीमइतकीच बुळबुळीत झाली आहे. निलगिरीचे थेंब घातल्यावर वासही तोच. मी दोन्ही गाल चोळते तेव्हा तिल्देने खिडकीकडे तोंड करायचं, एर्मेतेने डोळे मिटायचे. कुठे काय आहे ते फक्त मला ठाऊक. प्रयोग असा करतात.

"मक्याची पोलेंता थापतेस का गं तोंडाला?" एर्मेते म्हणाला. "वर चीजही किस थोडं."

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज बाजू बदलली. क्रीम उजवीकडे, खळ डावीकडे.

तिल्देने दाढी केली, टॉवेलने तोंड पुसलं. एर्मेतेने डावा गाल पुढे केला. "ही बाजू — लोणी! आणि ही उजवी बघ. ओढतोय वस्तरा, झोंबतंय. उजवीकडे क्रीम नव्हतं. लहान पोर सांगेल."

मी म्हटलं, क्रीम उजवीकडेच होतं.

तिल्दे खुर्चीच्या पाठीला धरून हसत सुटली. "आई, तुझ्या नवऱ्याला सांग, यापुढे गिऱ्हाइकांना पोलेंताच लाव म्हणावं!"

एर्मेते लालबुंद. "तू बाजू बदललीस?"

"मग? न बदलता कसला प्रयोग!"

संध्याकाळी सान मार्तीनोच्या सणाची भाजलेली चेस्टनट आणि नवी वाइन, पेपरवाल्या नेल्लोकडे. बातमी आमच्या आधीच तिथे पोचलेली. "काय रे एर्मेते, बायकोने तुझा उंदीर केला म्हणे? मिश्या तरी ठेवल्या का?" सगळे खिदळले. एर्मेतेही हसला, आणि वाइन शर्टावर सांडली. नवा शर्ट! लहान मुलासारखं झालंय त्याचं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आधी क्रीमचा गाल मऊ, मग बिनक्रीमचा मऊ. म्हणजे तिल्दे खरी? की एर्मेतेने दोन्ही वेळा नुसता अंदाज ठोकला? कळत नाही. मला न कळणं सोसत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दोन्ही गालांना खळ. क्रीम कुठेच नाही. कोणाला सांगितलं नाही.

"डावा," तो म्हणाला. "लोणी."

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि विचारलं, थट्टा करतोस का? सरळ सांग. त्याला फार लागलं ते. "बाई," तो म्हणाला — चिडला की मला बाई म्हणतो, माझ्या विद्यार्थ्यांसारखं — "बाकी कशाबद्दल खोटं बोलेन. दाढीबद्दल?"

ते खरं आहे. एक खुंट राहिला तर दारापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला परत खुर्चीत बसवणारा माणूस तो.

मग?

बुधवार, २० नोव्हेंबर

दोष क्रीमचा नाही, हाताचा असेल, असं डोक्यात आलं. दुपारीच दुकानात गेले. तिल्दे पातं बदलत होती.

"तुझा हात डावीकडे हलका पडतो का गं?"

"उलट आहे, आई. मी खुर्चीच्या उजव्या अंगाला उभी राहते. त्यांच्या उजव्या गालावर माझा हात सरळ चालतो. डाव्यावर मनगट वळवावं लागतं. ओरखडा निघायचाच तर डावीकडे निघेल."

"पण तो तर म्हणतो —"

"ते काहीही म्हणतील. मी हरले पाहिजे ना!" मग पातं बसवता बसवता, माझ्याकडे न बघता, "जेवतात ना नीट? बारीक दिसले."

मी म्हटलं, तूच विचार. तर वस्तरा पुसत बसली. बापाचीच लेक!

घरी येताना कसायाकडे नाताळच्या कोंबड्याचं सांगायला थांबले. किती माणसांसाठी, त्याने विचारलं. पुढच्या आठवड्यात सांगते म्हटलं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज दोन्हीकडे क्रीम. भरपूर.

डावा!!

शेवटी तिल्देने ओली तुरटी फिरवली. उजवीकडे एर्मेतेने 'स्स्' केलं. डावीकडे हूं की चूं नाही. मी स्वतः बोटं फिरवून पाहिली. उजवा गाल गुळगुळीत. डाव्यावर जबड्याच्या कडेला चांगले खुंट राहिलेले! माझ्या बोटांना स्पष्ट लागले. तसं म्हटलं तर म्हणतो, "तुझी बोटं खडू धरून धरून मेली आहेत, बाई." माझी बोटं!

कुठल्या पुस्तकात बसतं हे? क्रीम लावा, डावा. लावू नका, डावा. खुंट राहिले तरी डावा. निकाल काय देऊ मी? उद्या दोघांना सांगायचं का, की इतकी शिकलेली ही बाई, हिला काडीचं समजलं नाही?

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पुन्हा शर्ट भिजत घातला. कॉफीचा डाग, डाव्या बाजूला, आधीच्यासारखाच. बोलले त्याला भरपूर. "कपाला टवका गेलाय," तो म्हणाला. कपाला काहीही झालेलं नाही. काल जेवताना गाल चावला स्वतःचा, रक्त आलं, तर म्हणे मांस निबर होतं. शिट्टीही हल्ली वाजवत नाही. आधी घर डोक्यावर घ्यायचा.

म्हातारपण. त्याला रुसायला एवढं एक क्रीम मिळालंय, दुसरं काय.

सोमवारी शेवटचं. मग काहीतरी निकाल देऊन टाकणार. खरा असो की खोटा. कोंबडा तिघांसाठीच आणणार.

सोमवार, २ डिसेंबर, हॉस्पिटलच्या बाकावर

तिल्देचं मनगट वळताना पातं लागलं. डाव्या गालावर, खोल. रक्त पांढऱ्या टॉवेलवर उतरलं, कॉलरपर्यंत आलं. तिल्दे जागच्या जागी थिजली. एर्मेतेचे डोळे मिटलेलेच. म्हणाला, "तुझ्या मुलीला सांग, आज हात छान चालतोय. डावीकडे तर लोणी."

मी पुढे झाले आणि त्या गालाला जोरात चिमटा काढला. तो वस्तऱ्याच्या पुढच्या फटकाऱ्याची वाट बघत राहिला. "हं? का थांबली गं ती?"

तिल्देने वस्तरा खाली ठेवला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "पापा," ती म्हणाली, "डोळे उघडा. माझ्याकडे बघा." ऑगस्टपासून पहिल्यांदा, थेट त्याला.

तो खूश झाला. तिच्याकडे बघून हसला. फक्त उजव्या बाजूने.