मागितलेलं जाळं

प्रणितदादा,

हे पत्र मी टाकणार नाही. तिकडच्या तुरुंगात पत्रं वाचतात, केसबद्दल काही लिहू नका, असं वकिलांनी बजावलंय.

तुझ्या सिमवरून लोकांना रूममेटने लुबाडलं, हे तिथल्या कोर्टात सिद्ध करणं कठीण आहे म्हणे. गुन्हा कबूल केलास तर शिक्षा कमी होईल, तुला मायदेशी, घरी धाडतील. लढलास तर किती वर्षं जातील, कुणास ठाऊक. आई म्हणते, कबूल कर नि ये.

पण काय कबूल करायचं रे? त्याने सिम मागितलं, तू दिलंस. बाळकुमच्या खाडीवर जाळं मागायला आलेल्याला आबांनी कधी परत पाठवलंय?

काल शेजारचे कान्हाकाका जाळं मागायला आलेले. आबा म्हणाले, "नाही देणार."

तुझीच,
वर्षाली