चौथा पाय

गढ़ा, जबलपूर
४ जानेवारी १९६४

चि. शैलेंद्र यास आशीर्वाद.

टाकीच्या स्टँडचे तुझे आकडे मिळाले. पानभर आकडे, आणि तुझ्या मीरावहिनीची चौकशी अर्धी ओळसुद्धा नाही. नागपूर महाराष्ट्रात गेलं तसा तूही गेलास, असं आम्ही धरून चालतो.

शाळेच्या टाकीखालीच नळ बसणार. दोनशे पोरी तिथे पाणी पिणार, त्यात माझी ज्योतीही. तू सांगितलेले पाय मला बारीक वाटतात. काहून, ते सांगता येणार नाही. पंचवीस वर्षं लोखंड हाताळतो आहे, हात लावला की कळतं. मी पायांना एका नंबरानं जाड लोखंडी अँगल घेतला आहे. विचारत नाही, कळवतो आहे.

स्टँड तयार झाला की कारखान्याच्या अंगणात टाकी भरून मी तिच्याखाली बसून जेवेन, मगच माल दाराबाहेर जाईल. आपले अण्णा हेच करत. हसायचं तर हस.

रागावलो आहे, तरी आशीर्वाद खरे समज.
गुणवंत

नागपूर
११ जानेवारी १९६४

ती. दादांस सा. न. वि. वि.

हसलो. जाडच अँगल घालायचे होते तर आकडे मागवलेत कशाला? शाळेला इंजिनिअरची सही दाखवायला? अण्णा टाकीखाली जेवायचे, कारण त्यांना गणित येत नव्हतं. मला येतं. तुमचा हात चुकला तर टाकी तुमच्याच ज्योतीच्या डोक्यावर येईल. कडू लागलं तर लागू द्या.

वहिनींना नमस्कार. मागच्या पत्रात खरंच राहिला.

तुमचा, अजून तरी,
शैलेंद्र

गढ़ा, जबलपूर
१८ मार्च १९६४

शैलेंद्रभाऊजींना मीराचा नमस्कार.

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. अंगणात टाकी भरली, हे खाली बसले, वरण-भात दोनदा घेऊन जेवले. स्टँड केसभर हलला नाही. मग तो शाळेत उभा राहिला.

शनिवारी ज्योती घरी येऊन म्हणाली की बाबा, नळाजवळचा चौथा पाय खचून राहिला आहे. ह्यांनी तिलाच झापलं, मी खाली जेवून उठलो आहे, तू मला शिकवू नको म्हणाले. सोमवारी टाकी नळांवर कोसळली. पोरी प्रार्थनेला उभ्या होत्या, म्हणून वाचल्या.

लोखंड शाबूत आहे. तुमचं गणितही शाबूत असेल. पण ते आवार म्हणजे बुजवलेला तलाव आहे. नळाचं सांडपाणी मुरून जमीन शिऱ्यासारखी झाली. तलाव होता हे गढ्यातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. आपल्या अंगणातल्या मुरमावर जेवून काय कळणार होतं? तुम्ही दोघं एकमेकांशी भांडत बसलात, जमिनीकडे कुणी बघितलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही.

आज माझ्याकडून लोभाची अपेक्षा ठेवू नका.
मीरा

नागपूर
२३ मार्च १९६४

ती. दादांस नमस्कार.

माझ्या हिशेबाची पहिलीच ओळ होती, ‘जमीन कठीण धरली आहे.’ नुसती धरली. शाळा मी पाहिलीसुद्धा नाही. तरी पोरीचं तुम्ही ऐकलं नाही, हे मी विसरणार नाही. रविवारी येतो. हाकलायचं तर दारातून हाकला.

शैलेंद्र

गढ़ा, जबलपूर
२६ मार्च १९६४

शैलेंद्र यास,

शाळेत मी दोष माझा एकट्याचा सांगितला. तुझ्यावरच्या मायेनं नव्हे. ह्यात वाटेकरी म्हणूनसुद्धा तू मला नको आहेस.

नवा स्टँड पक्क्या पायावर बांधीन, शाळेतच त्यावर टाकी आठवडाभर भरून ठेवीन, मगच नळ लावीन, असं ज्योतीला सांगितलं. काल अंगणात आम्ही दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची टाकी स्टँडवर चढवून ठेवली होती. ज्योती शाळेतून आली. घराचं दार समोर, टाकीपलीकडे दहा पावलांवर. टाकी बघून थांबली, मग सगळ्या अंगणाला वळसा घालून, भिंतीला अंग घासत आत गेली.

यायचं तर ये.

गुणवंत