गच्चीतलं धोतर

नल्लकुंटा, हैदराबाद
शुक्रवार, २२ मे

प्रिय रेणू,

तुझा मेसेज मंगळवारी आला आणि उत्तर आज लिहायला घेतलंय, म्हणून म्हातारी रुसली असं समजू नकोस. तू पुढच्या महिन्यात पुण्यात दुसरं लग्न करतेस हे वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली, मग खालच्या भाडेकरणीला, भाग्यलक्ष्मीला, हाक मारून तिच्या हातावर ठेवली. तिनं विचारलं, अम्मा, कुणाचं लग्न? मी म्हटलं, माझ्या सुनेचं. बिचारी साखर तोंडात धरून बघतच राहिली. पण त्याच मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस की माझ्या छताची गळती तू लग्नाआधी कायमची बंद करून देणार, आणि त्यासाठी अफझलगंजच्या रंगवाल्याचा माणूस येत्या गुरुवारी येणार. त्या माणसामुळे हे पत्र. तो यायच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून आजच स्पीड पोस्टानं टाकते. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच बोलत सुटते. आणि ते सुरुवातीचं ‘काकू’. तीन वर्षं झाली तरी मला त्याची सवय झालेली नाही.

तू या घरी आलीस तो दिवस आठवतो का? माप ओलांडायला दारात उभी होतीस. गर्दीत बाहेरच्या भिंतीला तुझा तळवा टेकला आणि पांढराफटक झाला. तू शालूला पुसायचं सोडून तळव्याकडे बघत बसलीस आणि ओमकारला हळूच म्हणालीस, यात बाइंडर कमी आहे. मी ऐकलं. आमच्या नांदेडकडच्या नव्या नवऱ्या उंबरठ्यावर खाली मान घालून उभ्या राहतात, आणि ही पुण्याची पोरगी भिंतीची परीक्षा घेतेय! महिनाभर मी तो राग धरला. मग एकदा पोळ्या लाटताना तू सांगितलंस की रंग म्हणजे नुसती भुकटी. तिच्या कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी धरून ठेवतो तो बाइंडर, आणि तो घालताना कुणी हात आखडला की भिंत हाताला येते. मग कुठं माझ्या लक्षात आलं की तू भिंतीला नावं ठेवली होतीस, मला नव्हे.

तुझ्या रंगाच्या कंपनीतल्या लॅबमधून तू छोट्या बाटलीत ते बाइंडरचं ॲक्रिलिक आणलं होतंस, अगदी दुधासारखं. माझ्या स्टीलच्या ताटलीवर पसरलंस आणि खिडकीत ठेवलंस. दुपारपर्यंत त्यातलं पांढरेपण जाऊन काचेसारखा स्वच्छ पापुद्रा झाला, सायीसारखा सोलून निघाला आणि ताणला तरी तुटेना. पाणी उडून गेलं की त्यातले बारीक कण एकमेकांत शिरून एक होतात, मग पुन्हा पाणी घातलं तरी सुटत नाहीत, असं म्हणालीस. मी म्हटलं, दह्याचं परत दूध होत नाही तसं. तू इतकी खूष झालीस की आपल्या साहेबाला सांगते म्हणालीस. दारं-खिडक्यांना कडक जातीचं हवं, नाहीतर उन्हाळ्यात झडपा चौकटीला चिकटून बसतात. छताला मऊ हवं, कारण उन्हानं स्लॅब फुगतो-आकसतो आणि कडक थर त्याच्याबरोबर ताणला न जाता तडकतो. इतकं सगळं मला अजून पाठ आहे. चाळीस वर्षं संसार केला, पण एवढ्या मायेनं मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

मग हे गेले. त्याच पावसाळ्यात देवघरावरचं छत गळायला लागलं. तेव्हाची गळती खरी होती. उन्हाळा आला तसा ओमकारनं डांबरवाला बोलावला. तू पांढरा रंग सुचवलास, तर तो म्हणाला, ये सफेदा दो बारिश बी नै टिकता अम्मा, डांबर मारो. तू ठाम नक्को म्हणालीस. काळं डांबर ऊन पिऊन घेईल आणि खालच्या खोल्या भाजून काढील, म्हणालीस. स्वतः रजा काढून, पदर खोचून गच्ची घासलीस, भेगा भरल्यास आणि एका संध्याकाळी पांढरा पहिला हात दिलास. सकाळी लॅबला जाताना मला तीनदा बजावलंस, अहो आई, आज गच्चीवर पाऊल टाकायचं नाही, वरून सुकलं तरी आतून ओलं असतं.

आणि मी काय केलं! तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक, शिजवून तयार. आणखी एक दिवस राहिला असता तर आंबला असता. मी वर जाऊन बोट लावून बघितलं, कोरडं लागलं. इतकी लख्ख, गार, पांढरी गच्ची कुरडयांना जन्मात मिळाली नव्हती. ह्यांचं धोतर ओलं करून पसरलं आणि दीडशे कुरडया घातल्या. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायला गेले, तर धोतर उचलेचना. छतात रुतून बसलं होतं. त्यांची बाकीची धोतरं मी वाटून टाकली होती, हे एकच ठेवलं होतं. तू आलीस तेव्हा मी पाण्याच्या टाकीला टेकून रडत होते.

तू पट्टीनं एकेक कुरडई खरवडून काढलीस, धोतर पाण्यानं पुसून घेतलंस आणि विचारलंस, आई, कापून काढू की राहू देऊ? मग म्हणालीस, भेगांवर आम्ही जाळी घालतोच, थराला बळ येतं. हे सुती आहे, पाणी लागलं तर कुजेल, पण वरून नीट हात दिले तर पाणी लागायचंच नाही. दुसऱ्या दिवशी एक, आणि त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक, असे दोन हात दिलेस. नेमकं देवघरावर आलंय ते. सकाळी दिवा लावताना मी अजून वर बघते. रेणू, तुझे उपकार आहेत. उपकार म्हटलेलं तुला आवडत नाही, पण मला दुसरा शब्द येत नाही.

तुझं आणि ओमकारचं फिसकटलं तेव्हा मी गप्प बसले. आईनं मुलाविरुद्ध कसं बोलावं, म्हणून. आता लिहिते: चूक त्याची जास्त होती, आणि मी तेव्हा बोलायला हवं होतं. तू पुण्याला परत गेलीस आणि मला तरीही दिवाळीला फोन करत राहिलीस. मी मात्र दरवर्षी जूनमध्ये छत गळतंय म्हणून फोन लावायचे. तू कामातून उठून अर्धा-अर्धा तास विचारायचीस, कुठं गळतं, किती गळतं, टाकीजवळ का नळाजवळ.

तर आता ऐक. गुरुवारी त्या माणसाला पाठवू नकोस, त्याला इथं काही सापडणार नाही. तू कोट दिल्यापासून छत एकदाही गळलेलं नाही, एक थेंबसुद्धा नाही. गेल्या वर्षी तू फोटो मागितलास तेव्हा मी तांब्यातलं पाणी भिंतीवर मारून काढून पाठवला होता. डाग वरून आल्यासारखा दिसत नाही, असं तू तेव्हा म्हणालीसही. तुला तेव्हाच कळलं असेल तर मला सांगू नकोस. दुसऱ्याची झालीस की छताचं निमित्त चालणार नाही, म्हणून खरं सांगून टाकलं. आणि मला अवघड वाटेल म्हणून लग्नाला येण्याचा तू आग्रह करत नाहीस, असंही लिहिलंस. मी येतेय. तिकीट काढलंय, भाग्यलक्ष्मी सोबत येतेय. लग्न नोंदणीचं आहे, रुखवत कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण रुखवत मुलीची आई मांडते, आणि तुझी आई नाही, तेव्हा ते मी मांडणार. या वर्षीच्या कुरडया त्याच गच्चीवर, प्लास्टिकवर घातल्या आहेत आणि एकही चिकटलेली नाही. एक छोटं टेबल तेवढं रिकामं ठेव.

तुझीच,
आई