सासऱ्यांच्या डीव्हीडीवरचे माझे इलाज

३ फेब्रुवारी, सकाळी ८
सासऱ्यांच्या निवृत्तीला घरी समारंभ केला होता, त्याची डीव्हीडी लागत नाही. स्क्रीनवर 'नो डिस्क'. डिस्क आत आहे, मी स्वतः घातली. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा आवाज आता एवढ्या एका चकतीवर आहे आणि रविवारी सासूबाई तो ऐकायला येणार. बायको म्हणाली, दुकानात देऊन या. म्हटलं, घरात मी असताना दुकान कशाला? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. विश्वास आहे तिचा.

४ फेब्रुवारी
टूथपेस्ट. इंटरनेटवर वाचलं. सरळ रेषेत घासायचं की गोल, यावर तिथे वाद आहे. मी गोल घासलं, दात तसेच घासतो. मध्ये बोट घालून धरल्यामुळे कड मनसोक्त घासता आली. चरे कमी दिसतात. चष्मा काढला की अजिबात दिसत नाहीत.

संध्याकाळी ७
लागत नाही. पेस्टमध्ये दाणे होते, असं बायकोचं म्हणणं. असतील. दातांना काही झालेलं नाही.

५ फेब्रुवारी
केळं. आधी गर, मग सालीची आतली बाजू, मग फडकं. उरलेलं केळं खाल्लं. प्लेअरमधून छान वास येतो. चित्र येत नाही. ट्रे बाहेर येताना चिकटतो. प्लेअरचंही वय झालं.

६ फेब्रुवारी
बायकोने दुकानाचं पुन्हा काढलं. हा शेवटचा उपाय, असं निक्षून सांगितलं. फ्रीजर, अर्धा तास. ठेवून ऑफिसला गेलो. म्हणजे नऊ तास झाले, गुण जास्तच येईल. बर्फाला चिकटली होती, चमच्याच्या दांड्याने उचकटली. कडेचा टवका उडाला. कडेला काय असणार, समासच.

७ फेब्रुवारी
हात टेकले. बायकोला न सांगता दुकानात गेलो. दुकानदाराने चकतीचा वास घेतला. केळं का, म्हणाला. म्हटलं, कोणीतरी लावलं असेल. मग त्याने सांगितलं की डिस्क आतून बाहेर वाचली जाते, सुरुवात मध्यावर आणि शेवट कडेला. आतलं निघेल, कडेचं गेलं. नुसते चरे असताना आणली असती तर दहा मिनिटांचं काम होतं, म्हणाला. हे घरी सांगण्यात अर्थ नाही. समारंभ आठवतोय. आधी माझे दोन शब्द, मग सासरे.

८ फेब्रुवारी, रविवार
अकरा मिनिटं निघाली. अकराही मिनिटं मीच बोलतोय. मला चारच आठवत होती. मागे खुर्चीत सासरे, दोनदा घड्याळ बघतात. शेवटी मी माइक देतो, ते उठतात, घसा खाकरतात आणि चित्र थिजतं.

सासूबाई म्हणाल्या, अस्संच खाकरायचे. पुन्हा लावा. पुढे सरकवलं की डिस्क अडकते, म्हणून दर वेळी माझं भाषण पहिल्यापासून. दुसऱ्या वेळेला बायको उठून आत गेली. सासूबाई हलल्या नाहीत. मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून आतलं-बाहेरचं त्यांना समजावून सांगितलं.

चौथ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, जावईबापू, तुम्ही जरा कमी बोलला असतात, तर हे आतल्या भागात आले असते का?

आले असते, म्हणालो.