फाटकाचा अर्ज

बाबा,

दिल्लीहून माझ्या भाषणाची प्रत आली आहे. सभागृहात आम्ही जे बोलतो ते शब्द न् शब्द उतरवून घेतात, आणि पक्कं छापण्याआधी एक प्रत आमच्याकडे पाठवतात. ऐकण्यात काही चूक झाली असेल तर दुरुस्त करून परत करायची. उद्या परत करायची आहे. सकाळपासून तीनदा वाचली. लिहून घेणाऱ्यांची एकही चूक नाही, माणसं हुशार आहेत. चूक माझी आहे, आणि ती मी जाणूनबुजून केली आहे. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलून घ्यावं. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, पण कागदाचा प्रश्न आला की मला अजून तुम्हालाच विचारावंसं वाटतं.

तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी खासदार झाले. तुम्ही होतात तेव्हा मी नगरसेवकसुद्धा नव्हते. कचेरीसमोरच्या फुटपाथवर, तुमच्या टाईपरायटरच्या शेजारी टेबल टाकून बसणारी तुमची पोरगी होते. तुमच्यानंतर तिथेच मी कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान थाटलं. अर्ज टाईप करता करता लोकांबरोबर आत साहेबांपर्यंत जाऊ लागले, आणि मग लोकच म्हणाले की उभ्या राहा. पहिल्या वेळी सपाटून पडले, दुसऱ्या वेळी निवडून आले, आणि महापालिकेतून पुढे दिल्लीला. हे सगळं मी एका ओळीत सांगितलं कारण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाकीचं राहू दे, काम काय ते सांग."

काम आपल्याच वस्तीमागच्या फाटकाचं. तुम्हाला आठवत असेल. येरवड्यात वस्ती संपते तिथे लष्कराची तारेची हद्द, हद्दीत एक लोखंडी फाटक, आणि त्यातून जाणारी वाट थेट शाळेच्या मैदानावर निघते. फाटक उघडं असलं की दहा मिनिटं. बंद असलं की मोठ्या रस्त्याला वळसा घालून पाऊण तास, आणि तोही ट्रकच्या कडेकडेने. तुम्ही जाण्याच्या चार वर्षं आधी पहिल्यांदा ते बंद झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. वक्तृत्वाच्या तीन ढाली घरात, आणि डोक्यात त्याहून जास्त हवा.

ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. वस्तीतली एक बाई तुमच्या टेबलापाशी उभी आहे, शेजारी दप्तर घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलगी. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाईप करताय. मी म्हणते, "बाबा, हा मी लिहिते," आणि फुलस्केप ओढून सुरू होते. स्वातंत्र्याची पहाट, लोकशाहीचं मंदिर, गोरगरिबांच्या डोळ्यांतले अश्रू. दोन पानं भरली. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत, आणि त्या बाईच्या समोर, शेजारच्या दोन्ही टायपिस्टांच्या समोर, टर्रकन फाडलंत.

"हे काय लिहून राहिली तू? गॅदरिंग आहे का हे?"

मी काहीतरी बोलले. अर्जात भावना नको का, असं काहीसं.

"साहेबाले भावना नाही लागत. त्याले कागदावर असं काही पाहिजे का त्याले नाही म्हणता येऊ नये. तिले विचार, घरातून किती वाजता निघते."

हा तुमचा एकच प्रश्न. जमिनीचा अर्ज असो, रेशनचा असो, पेन्शनचा असो, तुम्ही आधी विचारायचात, घरातून किती वाजता निघता. चाळीस वर्षं नागपूरकडची बोली सोडली नाहीत आणि हा प्रश्नही. मला तेव्हा तो मूर्खपणाचा वाटायचा. मी कागद, पेन, बाई सगळं तसंच टाकून तरातरा निघून गेले. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभराने फाटक उघडलं एवढं कळलं. घरी मी तुमच्याशी चार दिवस बोलले नाही. आई म्हणाली, "बापलेक दोघंही एकाच मातीचे," आणि दोघांच्या ताटात भाकरी वाढून स्वतः शेजारी गप्पा मारायला निघून गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही मला सदाशिव पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घातलंत. तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. जिन्यापर्यंत चपलांची रांग, आणि आत खुर्चीवर टेकायच्या आधी पाय धुवायला लावायचे, यंत्राला धूळ चालत नाही म्हणून. फॉर्मवर सही करताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "याच्यात लिहिलेलं फाडता येत नाही म्हणतात." मी हसले नाही. आज कळतं, ती माफी होती. माफी मागायची तुमची पद्धत तुमच्या अर्जांसारखीच होती, एका ओळीत आटपणारी.

आता दोन वर्षांपूर्वी ते फाटक पुन्हा लागलं. सुरक्षेचं कारण सांगितलं. वस्तीच्या पलीकडे आता काचेच्या इमारती झाल्यात, आयटी कंपन्यांच्या. आपल्या वस्तीतल्या निम्म्या बायका तिथे साफसफाईला जातात, आणि मुली त्याच जुन्या शाळेत. महापालिका म्हणते जागा लष्कराची. लष्कराचे अधिकारी म्हणतात निर्णय दिल्लीचा. मी म्हटलं, ठीक आहे, दिल्लीत तर मीच बसते.

पहिला प्रयत्न कसा झाला ते ऐका, तुम्हाला बरं वाटेल. शून्य प्रहर म्हणून एक वेळ असते, त्यात खासदाराने आपल्या मतदारसंघाचं तातडीचं काम मांडायचं. सकाळी नोटीस द्यायची, नंबर लागला तर बोलायचं, आणि बोलायला मिनिटं दोन-तीन. माझा नंबर लागला. मी उठले आणि सुरू झाले. पुण्याचा इतिहास, विद्येचं माहेरघर, पूर्वेकडचं ऑक्सफर्ड, आता आयटीची राजधानी, या पुण्यभूमीची लेक म्हणून बोलण्याची संधी दिल्याबद्दल आभार. आवाज चांगला लागला होता. बाकंही वाजली. मग मी म्हटलं, "परंतु अध्यक्ष महोदय, याच पुण्यात एक..." आणि माईक बंद. फाटक हा शब्द बोलायचा राहिलाच. पुढच्या खासदाराने सुरुवातही केली, त्याच्या गावात टेलिफोनची तार तुटली होती, त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं आणि बसला.

पुण्यात परत आले तर आपल्या माणसांनी सोडलं नाहीच. सदाशिव पेठेत एका सत्काराला गेले होते, तिथे एक निवृत्त मास्तर माझ्या हातात हार देत म्हणाले, "अहो, भाषण उत्तम झालं आपलं. पुण्याविषयी बरीच माहिती मिळाली. आम्ही इथे राहतो ना, आम्हाला कल्पना नव्हती." मी हार गळ्यात तसाच ठेवून हसले. आत मात्र तो टर्रकन आवाज पुन्हा ऐकला.

त्याच आठवड्यात ती बाई माझ्या कार्यालयात आली. तीच, तुमच्या टेबलापाशी उभी असलेली. आता केस पिकलेत. दप्तरवाली ती मुलगी शिकून एका कंपनीत कामाला लागली, आणि आता त्या मुलीची मुलगी त्याच शाळेत दुसरीत. फाटक बंद झाल्यापासून पोरीला सोडायला कुणी नाही, आई कंपनीच्या गाडीने पहाटेच जाते आणि ही आजी साफसफाईच्या कामाला. आठवड्यातले दोन-तीन दिवस पोर घरीच बसते.

"ताई, तुमी दिल्लीत बोलला म्हनं," ती म्हणाली. "टीव्हीवर दिसला. पर फाटक तर बंदच हाय."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाबा, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घरातून किती वाजता निघता?"

तिने सगळं सांगितलं. साडेपाचला ती निघते. सातला पोर उठते. घरात कुणी नसतं. शेजारीण कुलूप काढून तिला तयार करते, पण वळशाच्या रस्त्याने सोडायला शेजारणीलाही जमत नाही. मी लिहून घेतलं. मग तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. वीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची तिची प्रत, कोपऱ्यावर पोच मिळाल्याचा शिक्का. पोच घेतल्याशिवाय कुणाला उठू द्यायचे नाहीत तुम्ही. तुमच्या मशीनवर 'र' थोडा वर चढायचा, तो तसाच चढलेला.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा नोटीस दिली. मराठीत बोलणार असं आधी कळवलं, म्हणजे दुभाषी हजर राहतो. नंबर लागला. उठले आणि आभार नाही, इतिहास नाही, थेट बोलले: "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातली एक बाई सकाळी साडेपाचला घरातून निघते." पुढे तिचा दिवस, फाटक, दहा मिनिटं आणि पाऊण तास. मग तो कागद वर धरला. म्हटलं, हे फाटक वीस वर्षांपूर्वी याच अर्जावर सरकारने उघडलं होतं, त्याची पोच माझ्या हातात आहे. आणि त्यातलं शेवटचं वाक्य वाचलं: "फाटक लागलं की आमच्यासाठी शाळा लांब जाते, आणि शाळा लांब गेली की आधी मुलींची बंद होते." म्हटलं, "हे वाक्य माझं नाही. पुण्यात फुटपाथवर बसून लोकांचे अर्ज टाईप करणाऱ्या माझ्या वडिलांचं आहे. माझी मागणी एकच, फाटक उघडा." आणि बसले. माईक चालू होता, बाबा. वेळ उरली होती.

मंत्र्यांनी माहिती घेतो म्हटलं. मी पाठ सोडली नाही, पत्रावर पत्र, प्रत्येकाची पोच. गेल्या सोमवारी फाटक उघडलं. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, ओळखपत्र दाखवून. मी गेले होते, फीत नाही, हार नाही. पोर दप्तर घेऊन पळत सुटली आणि शिपायाने "ए, कार्ड!" म्हणून हाक मारली तर मागे वळून दाखवायलाही विसरली. आजीने दाखवलं.

आता चूक. सभागृहात मी जे वाक्य तुमचं म्हणून वाचलं, ते तुमचं नाही. माझं आहे. तुम्ही फाडलेल्या त्या दोन पानांतलं, अश्रूंच्या आणि मंदिराच्या मधलं. कागद हातात घेतल्या घेतल्या मी ते ओळखलं. बाई म्हणाली, "तुमी रागानं गेला न्हवं, मंग काकांनी टोपलीतले तुकडे काढले, जुळवून वाचले, येक ओळ खाली घेतली. म्हनले, पोरगीला सांगू नगा, डोस्कं फिरल तिचं." सांगितलं असतंत तर खरंच फिरलं असतं. पण बाबा, वीस वर्षं मी समजत होते की माझ्या त्या कागदात तुम्हाला ठेवण्यासारखं काहीच सापडलं नाही.

मंत्र्यांसमोर, अध्यक्षांसमोर, अख्ख्या सभागृहासमोर खोटं बोलले. दिशाभूल केली म्हणून हक्कभंग होऊ शकतो. पण तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज टाईप केलेत आणि त्या प्रत्येकाखाली सही दुसऱ्याची होती. तुमचं काम कुठे म्हणून छापलेलं नाही. आता एका ठिकाणी छापलं जाईल. म्हणून प्रत मी दुरुस्ती न करता परत पाठवते आहे, आणि हे पत्र मात्र पाठवत नाही, तसंही पोच कोण देणार. एवढं कबूल करते की ते वाक्य वाचताना माझा आवाज भरून आला होता, आणि सगळ्यांना वाटलं, मला तुमची आठवण आली. खरं तर मला अभिमान वाटला होता, माझा.